ब्लॉग बंद करू का, असं विचारलंस म्हणून

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी अमेरिकेहून फोनवर तू विचारलंस, "आई, पाण्यावरचा ब्लॉग बंद करू का? पुढच्या ऑगस्टात टेन्युअरची फाइल जायची आहे." मी नुसतं "बघू" म्हटलं. पलीकडे छोटी रडत होती आणि तुझा आवाज दमलेला होता. पण तेव्हापासून डोक्यात दुसरा विषय नाही. मला फोनवर नीट बोलता येत नाही, तुला माहीत आहे. म्हणून लिहायला बसले.

इथे सगळे मला विचारतात, "मनू पर्मनंट झाली का?" त्यांना वाटतं, टेन्युअर म्हणजे तिकडची कायमची नोकरी, तेव्हा आपल्याकडे दोन वर्षांचं प्रोबेशन संपलं की ऑर्डर हातात पडते तसंच तिकडेही असेल. सहा वर्षं काम करायचं, मग बाहेरच्या विद्यापीठांतल्या आठ-दहा प्राध्यापकांनी तुझ्याबद्दल पत्रं लिहायची, मग विभागाने, कॉलेजने, वरच्यांनी मतं द्यायची, आणि नाही म्हणाले तर शेवटचं एक वर्ष शिकवून चंबूगबाळं आवरायचं, हे त्यांना सांगूनही पटत नाही. छोटीच्या वेळी तुझं टेन्युअरच्या मुदतीचं घड्याळ एक वर्ष थांबवलं होतं, ते वर्षही आता संपत आलंय. तुझी भीती मला कळते.

तू शिकागोच्या त्या दोघांची नावं घेतलीस. मी दोघांचंही मिळेल तेवढं वाचून काढलं. डॅनियल ड्रेझनर, राज्यशास्त्राचे. सप्टेंबर 2002 मध्ये ब्लॉग सुरू केला, ऑक्टोबर 2005 मध्ये शिकागो विद्यापीठाने टेन्युअर नाकारली. शॉन कॅरल, भौतिकशास्त्राचे, तेच विद्यापीठ, तेच वर्ष. त्यांचाही ब्लॉग होता. शिवाय त्याच जुलैमध्ये उच्च शिक्षणाच्या एका नावाजलेल्या साप्ताहिकात एका प्राध्यापकाने टोपणनावाने लेख लिहिला होता, की आमच्या निवड समितीने उमेदवारांचे ब्लॉग वाचले आणि ते त्यांच्या विरोधात गेले. तीन गोष्टी एका वर्षात आल्यावर लोकांनी दोन अधिक दोन केले, ब्लॉगमुळेच टेन्युअर गेली असं धरलं, यात नवल नाही.

पण पुढचं वाच. ड्रेझनर दुसऱ्याच वर्षी टफ्ट्स विद्यापीठाच्या फ्लेचर स्कूलमध्ये रुजू झाले, तेही टेन्युअर घेऊन, आणि ब्लॉग लिहीतच राहिले. कॅरल कॅलटेकला गेले, आता जॉन्स हॉपकिन्समध्ये आहेत. कॅरलनी 2011 मध्ये टेन्युअर कशी मिळते यावर स्वतः सविस्तर लिहिलं. ब्लॉगला दोष दिला नाही. त्यांचं म्हणणं साधारण असं, की मोठ्या संशोधन विद्यापीठात फक्त संशोधन मोजतात. बाकी काहीही करताना दिसलात, अगदी पाठ्यपुस्तक लिहिलंत, तरी समितीला वाटतं की याचं सगळं लक्ष संशोधनात नाही. त्यांनी सापेक्षतेवर पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी जाडजूड पुस्तक लिहिलं होतं, अजून जगभर शिकवतात ते. त्याचाही उपयोग झाला नाही.

आणि उलटी उदाहरणं आहेत. संगणकशास्त्राचे स्कॉट अॅरनसन 2005 पासून ब्लॉग लिहितात, 2007 मध्ये एमआयटीत लागले, 2013 मध्ये तिथेच टेन्युअर मिळाली. गणितज्ञ टेरेन्स टाओंचं नाव मात्र मी तुला धीर द्यायला घेणार नाही. ते 24 व्या वर्षी पूर्ण प्राध्यापक झाले, गणितातला सर्वोच्च मान समजलं जाणारं फील्ड्स मेडल 2006 चं, ब्लॉग त्यानंतरचा. आपले नारळीकरही तसेच. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी कृष्णविवरावरची कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, का तर आपल्या नावामुळे बक्षीस मिळायला नको. पहिलं बक्षीस मिळालं. ही गोष्ट मी वर्षानुवर्षं वर्गात सांगत आले. पण तोवर खगोलशास्त्रज्ञ हॉइल यांच्याबरोबरचं त्यांचं काम जगाला माहीत होतं. मराठीत कथा लिहिल्या म्हणून त्यांच्या शास्त्रज्ञ असण्यावर कोण शंका घेणार? तू अजून त्या जागी नाहीस, हे मी आई असूनही तुला स्पष्ट सांगते.

आता माझं. तुला अर्धवट माहीत आहे, पूर्ण कधी सांगितलं नाही.

2006 पासून मी रविवारच्या पुरवणीत पाण्यावर लिहीत होते. जडपणा, क्षार, विहिरीतलं नायट्रेट, घरातल्या फिल्टरने काय जातं आणि काय जात नाही. 2008 च्या उन्हाळ्यात वाळव्याकडचे एक काका लेखाचं कात्रण हातात घेऊन लॅबमध्ये आले. पिशवीत कोल्ड्रिंकची बाटली, तोंडाला प्लास्टिकचा कागद रबराने बांधलेला, आत विहिरीचं पाणी. पाणी स्वच्छ होतं, वास नाही, चव गोड. सुनेला दूध येत नव्हतं, तीन महिन्यांच्या नातीला पावडरचं दूध या पाण्यात कालवून देत होते. आजूबाजूला सगळा ऊस, आणि उसाला युरियाची पोती. मी तपासलं. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅमची, पाण्यात जवळजवळ दुप्पट. काका म्हणाले, "आम्ही तर उकळून देतो की मॅडम." मी त्यांना खुर्चीत बसवून सांगितलं, की नायट्रेट उकळून जात नाही, पाणी आटतं आणि त्याचं प्रमाण उलट वाढतं. तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद त्याने कमी होते, बाळ निळं पडतं. बाळापुरतं तरी पाणी दुसरीकडून आणा. ते उठले, कात्रणाची घडी घालून खिशात ठेवली आणि चहालाही थांबले नाहीत, थेट एसटी स्टँडवर गेले.

2011 मध्ये माझा पदोन्नतीचा इंटरव्ह्यू झाला. यूजीसीचे ते एपीआयचे, म्हणजे प्राध्यापकाचं काम मोजायचे गुण नुकतेच आले होते. मी कात्रणांची फाइल सोबत नेली होती. समितीतल्या एका सरांनी ती उघडलीही नाही. म्हणाले, "मॅडम, संशोधनाच्या रकान्यात हे धरत नाहीत. एवढा वेळ होता तर दोन पेपर झाले असते." मला त्या वर्षी प्रमोशन मिळालं नाही. मी सदर बंद केलं, दोन वर्षांत तीन पेपर काढले आणि असोसिएट झाले. त्या पेपरांतला एक चांगला होता. दुसरे दोन कुणी वाचले असतील असं मला वाटत नाही. सदर पुन्हा सुरू झालं नाही. संपादक बदलले, माझा हात मोडला, आणि खरं म्हणजे धीर गेला. ती फाइल माळ्यावर आहे, पिना गंजून कागदांना तांबडे डाग पडलेत. रिटायर होताना मला प्रमोशनची तारीख आठवत नव्हती, ती बाटली आठवत होती.

म्हणून बंद करू नकोस, असं मी म्हणेन असं तुला वाटेल. म्हणतेच आहे. पण त्याआधी त्या सरांच्या बोलण्यातला खरा भाग तुझ्यापुढे ठेवते, कारण तो मला तेव्हा रागाच्या भरात दिसला नाही. वेळाचा हिशेब खरा होता. ब्लॉगमुळे टेन्युअर जाईल का, याचं उत्तर तुला कुणीच देणार नाही. ज्यांना नाकारलं त्यांनाही मिळालं नाही. बंद दाराआड कुणाच्या मनात काय होतं हे शोधत बसलीस तर झोप जाईल. पण ब्लॉगला आठवड्याचे किती तास जातात, हे तू मोजू शकतेस. तूच म्हणालीस, गुरुवारची रात्र लिहिण्यात आणि शनिवारची सकाळ शेतकऱ्यांच्या मेलना उत्तरं देण्यात जाते. आणि दुरुस्त्या सांगून परत आलेला तुझा पेपर मार्चपासून पडून आहे. मला ब्लॉगपेक्षा तो पेपर जास्त टोचतो, मनू. आधी तो पाठव. ऑगस्टपर्यंत महिन्याला एकच लेख लिही. मेलना उत्तर उशिरा गेलं तरी लोक समजून घेतात. विभागातले सहकारी, विद्यार्थी, समिती यांच्याबद्दल एक अक्षर लिहू नकोस, कौतुकाचंसुद्धा नको. आणि फाइलमध्ये ब्लॉग लपवू नकोस. सेवेच्या भागात सरळ लिही, किती गावांतून विहिरींबद्दल विचारणा आली, कोणत्या सभेत तुला बोलावलं. संशोधन म्हणून पुढे केलास तर त्यांना राग येईल. सेवा म्हणून दिलास तर बाहेरून पत्र लिहिणाऱ्याला दोन ओळी जास्त लिहायला मिळतील.

बंद का करू नये, हे सांगते. तुझ्या इलिनॉयशेजारच्या आयोवात 2023 मध्ये काय झालं ते तूच मला पाठवलं होतंस. ख्रिस जोन्स, आयोवा विद्यापीठातले संशोधन अभियंता. विद्यापीठाच्याच संकेतस्थळावर नद्यांतल्या नायट्रेटबद्दल आणि मका-डुकरांच्या शेतीबद्दल स्पष्ट लिहायचे. राज्याच्या दोन सिनेटरांनी त्या ब्लॉगबद्दल विद्यापीठाकडे तक्रार केली, असं त्यांनी स्वतः सांगितलं आणि निवृत्ती घेतली. त्यांना टेन्युअर नव्हती. तुमच्याकडे टेन्युअर कशातून आली हे तर तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. 1900 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक एडवर्ड रॉस यांना विद्यापीठाच्या संस्थापक श्रीमती स्टॅनफर्डनी काढायला लावलं, तेही वर्गातल्या शिकवण्यावरून नाही, बाहेरच्या भाषणांवरून. रॉस यांची आशियातून येणाऱ्या मजुरांबद्दलची मतं वाचून मला किळस आली, तेही सांगते. पण त्या प्रकरणात तिथलेच तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक लव्हजॉय यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला, आणि पुढे 1915 मध्ये त्यांनी आणि तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी प्राध्यापकांची संघटना उभी केली. तुझी सात वर्षांची मुदतही त्याच संघटनेच्या 1940 च्या निवेदनातली. म्हणजे ही सगळी सोय जन्माला आली तीच मुळी चारचौघांत बोलता यावं म्हणून. आणि ती मिळवण्यासाठी सहा वर्षं तोंड मिटून बसलेल्या माणसाला सातव्या वर्षी बोलायची सवय उरते का? माझी दोन वर्षांत गेली.

तुझ्या लेखातली ती ओळ मी अजून मनात घोळवते, की तुमच्याकडची नायट्रोजनची लिटरला 10 मिलिग्रॅमची मर्यादा आणि आमची नायट्रेटची 45 ही जवळजवळ एकच, फक्त मोजायची रीत वेगळी. इलिनॉयच्या मक्याखालून पाइपांनी ओढ्यात जाणारं पाणी आणि वाळव्याच्या विहिरीतलं पाणी एकाच आकड्यावर येऊन थांबतं. एवढी साधी गोष्ट मला पस्तीस वर्षं शिकवताना सुचली नाही.

एक काम आहे. ते वाळव्याचे काका मागच्या महिन्यात बाजारात भेटले. नात बारावीला आहे. त्यांची दोन एकर पाणथळ होऊन क्षारपड झाली आहे, शिरोळकडे टाकतात तसे जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकायचा विचार चाललाय. मला विचारत होते, "मॅडम, निचऱ्याचं ते पाणी शेवटी जातं कुठं, आणि त्यात युरिया किती जातो?" पहिल्याचं उत्तर मी दिलं. दुसऱ्याचं तुला माहीत आहे, तू सहा वर्षं तेच मोजते आहेस. मराठीत लिहून दे, दोन पानं पुरे, मी टाइप करून त्यांच्या सोसायटीत वाचून दाखवते. घाई नाही. पाइप दिवाळीनंतर पडतील. त्याआधी तो मार्चचा पेपर पाठव आणि पाठवलास की मला मेसेज कर.

छोटीला पापा.

तुझी,
आई