५०० रुपयांच्या चलनाचं वॉरंट: परिवहन मंत्र्यांना एका नाशिककराचं खुलं पत्र

मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

साहेब, स.न.वि.वि.

मी नाशिकला पाथर्डी फाट्याला राहतो, इलेक्ट्रिकची छोटी-मोठी कामं कॉन्ट्रॅक्टवर घेतो. मंत्र्याला पत्र लिहायची पहिलीच वेळ आहे, कमी-जास्त झालं तर सांभाळून घ्या. परवा माझं वर्षभराचं मेंटेनन्सचं काम हातातून गेलं. एका सरकारी आवारातलं काम होतं, गेटपासला पोलीस व्हेरिफिकेशन लागतं, आणि माझ्या व्हेरिफिकेशनवर शेरा पडला की याच्यावर कोर्टात केस आहे, वॉरंट निघालंय. घरात सगळे माझ्याकडे बघायला लागले, ह्यानं केलं तरी काय.

केलं हे की रविवार कारंज्याजवळ वायरची बंडलं घ्यायला गेलो आणि स्कूटर कडेला लावली. नो पार्किंग, ५०० रुपये. बोर्ड होता म्हणे. परवा मुद्दाम जाऊन बघितलं, आहे ना बोर्ड, वाढदिवसाच्या फ्लेक्सच्या मागं आहे. पुढं गॉगल लावलेले भाऊ, खाली शुभेच्छुकांची मुंडकी दाटीवाटीनं, आणि भाऊंच्या कानामागून लाल गोलाची एवढीशी कड दिसते. मी गाडी लावली तेव्हा कुणाचा वाढदिवस होता देव जाणे, त्या कोपऱ्यावर बारा महिने कुणाचा ना कुणाचा असतोच. त्या फ्लेक्सला कधी चलन फाटलेलं ऐकलं नाही.

बरं, चलन झालंय हे मला कळलंच नाही. गाडी घेताना एजंटनं फॉर्मवर स्वतःचा मोबाईल नंबर टाकला होता, मेसेज त्याच्याकडे गेले. अर्ध्या नाशिकच्या गाड्यांना असेच एजंटचे नंबर असतील, काढा एकदा यादी. मग प्रकरण कोर्टात गेलं, समन्स निघालं आणि ते परत गेलं, त्यावर शेरा काय तर "इसम मिळून आला नाही". साहेब, मी गाडी घेतल्यापासून त्याच घरात राहतो. आरसी बुकावर तोच पत्ता, लाईटबिल तिथंच येतं, घरपट्टीची नोटीस तर न चुकता येते, समोरचे काका दिवसभर गॅलरीत बसून कोण आलं कोण गेलं बघत असतात. त्या इसमाला शोधायला नक्की कोण आलं होतं? कारण व्हेरिफिकेशनला त्याच पत्त्यावर हवालदार बरोबर आले, चहा घेतला, बिस्किटं घेतली. म्हणजे तारीख सांगायला मी सापडत नाही आणि तारखेला आला नाही म्हणून गुन्हेगार ठरवायला लगेच सापडतो.

कायदा मीही आता वाचलाय, रात्री झोप नाही तर करायचं काय. कॅमेऱ्यावर पकडलं तर १५ दिवसांत नोटीस पोचवा असं केंद्राच्याच मोटार वाहन नियमात २०२१ पासून आहे. कलम २०८ म्हणतं समन्सवरच लिहा की बाबा वकील पाठव किंवा गुन्हा कबूल असेल तर पोस्टानं कळव आणि दंड भर. नुसत्या दंडाच्या गुन्ह्याची दखल कोर्टानं सहा महिन्यांत घ्यायची असते हे मला वकिलांनी सांगितलं, आणि त्याच दमात म्हणाले, पण हे लढत बसलात तर तारखा पडतील, कबूल करा नि मोकळे व्हा. झालो मोकळा. सीबीएसजवळ, म्हणजे मध्यवर्ती बसस्टँडजवळ, गाडी लावायला जागा नाही म्हणून कोर्टात रिक्षानं गेलो, अर्धा दिवस बाकावर बसलो, माझं आडनाव चुकीचं पुकारलं गेलं, गुन्हा कबूल आहे का, हो, पुढचा. एवढ्यात संपलं. ५०० च्या चलनापायी वकील, रिक्षा, बुडालेली मजुरी धरून आठ-नऊ हजाराला फोडणी बसली, आणि गेलेलं काम वेगळंच. आता कुठल्याही फॉर्मवर "आपणास न्यायालयाने शिक्षा केली आहे का" असं विचारलं की मी काय लिहायचं ते तुम्हीच सांगा.

डिसेंबर २०२१ ला तुमच्या खात्यानं नो पार्किंगचे २०० चे ५०० केले, दुसऱ्यांदा सापडला तर १५००. वाढवा, पण गाडी लावायची कुठं ते कोण सांगणार? मेन रोडला नाही, शालिमारला नाही, कॉलेज रोडच्या बिल्डिंगांना नकाशात पार्किंग आहे आणि प्रत्यक्षात तिथं गाळे आहेत, गोडाऊन आहेत, त्यांना पूर्णत्वाचे दाखले देणाऱ्यांवर कधी वॉरंट निघालं? त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ हा जेमतेम १.१ किलोमीटरचा रस्ता स्मार्ट करायला किती काळ खोदून ठेवला होता ते नाशिककर विसरलेले नाहीत. आता २०२७ च्या कुंभमेळ्याचे हजारो कोटींचे आकडे रोज पेपरात येतात, त्यातून आम्हाला एक धड पार्किंग मिळालं तरी गोदामाई पावली म्हणू. राज्यात ई-चलनाचे दोन हजार कोटींच्या वर थकलेत म्हणतात. ते बड्या ट्रॅव्हल्सवाल्यांकडून, लाल दिवा गेला तरी रुबाब न गेलेल्यांकडून वसूल करा की, तिथं तुमचे इसम मिळून येत नाहीत वाटतं. आणि २०२५ च्या जुलैत वाहतूकदारांनी याच ई-चलनावरून संप केला तेव्हा तोडगा काढतो असं तुमच्या सरकारनंच सांगितलं होतं ना? ट्रकवाल्यांचं काय झालं ते त्यांना विचारा, स्कूटरवाल्यांचा तर संपही होत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, वॉरंटच्या आधी समन्स खरंच हातात पडलं का ते कुणीतरी तपासा, गाडीचा नंबर आधारच्या मोबाईलला जोडायला एजंटची गरज पडू देऊ नका, आणि पार्किंगच्या दंडाची केस व्हेरिफिकेशनच्या कागदावर चोरी-मारामारीच्या रांगेत बसवू नका.

आणि हो, कोर्टात दंड भरून पावती घेतली तरी साईटवर चलन अजून पेंडिंगच दाखवतंय. ट्रॅफिकवाले म्हणतात कोर्टातून अपडेट होईल, कोर्टातला क्लार्क म्हणतो आमचं काम झालं, तुम्ही आरटीओत विचारा. आरटीओत आज सर्व्हर डाऊन आहे. पावतीची झेरॉक्स सोबत जोडली आहे, कुणाकडे द्यायची तेवढं लेखी कळवा.

आपला,
एक नाशिककर इलेक्ट्रिशियन