मुक्ताची गाठ

दादर, मुंबई

प्रिय मंजू,

दिवाळीनंतर तुला एक ओळसुद्धा लिहिली नाही. रागावली असशील, रागव. सासूबाईंचा गुडघा तसाच, बाकी सगळे बरे. लिहायचंय ते मुक्ताबद्दल.

घसा धरला, ताप आला, उतरला. जबड्याखालची बोराएवढी गाठ मात्र राहिली. डॉक्टर म्हणाले, हलतेय, दुखतेय, इन्फेक्शनचीच आहे, पुढच्या बुधवारी परत दाखवा. तेवढ्यात जाऊबाईंनी विचारलं, "टीबीचं बघितलंस का गं?" झालं, झोप उडाली.

दाबली की "आई गं" म्हणायची आणि मला बरं वाटायचं. हे तुलाच सांगू शकते. दुखतेय म्हणजे निरोप वेळेवर पोचलाय. घशातल्या डेंड्रिटिक पेशीनं, त्या पहारेकरणीनं, जंतूचा तुकडा उचलला, सीसीआर७ या वाट दाखवणाऱ्या रिसेप्टरच्या जोरावर लसिकावाहिनीतून गाठ गाठली. तिथे जंतूंशी लढणाऱ्या टी पेशी येतात, त्या पहारेकरणीला चाचपतात, पुढे सरकतात. नेमका तोच तुकडा ओळखणारी लाखात एखादी. ती सापडली की तासन् तास चिकटून बसते, मग भराभर विभागते. बाकीच्यांचंही बाहेर पडणं काही काळ थांबतं, गाठ फुगते.

इथेच आपलं भांडण! तू म्हणायचीस, तुकडा ओळखला की पुरे. मी म्हणायचे, डेंड्रिटिक पेशीवरच्या बी७नं टी पेशीवरच्या सीडी२८ला धरल्याशिवाय टी पेशी उठत नाही, उलट सुस्त पडते. त्या वादात माझ्या जर्नलवर तू चहा सांडलास, तोही मुद्दाम, मी अजून तेच म्हणते! टी पेशीला दिशा देणाऱ्या आयएल-१२ या रासायनिक निरोपाचं मात्र तू माझ्याआधी वाचलं होतंस. आणि २०११ साली स्टाइनमन यांचं नोबेल जाहीर झालं, ते तीनच दिवस आधी गेल्याचं कळलं, तेव्हा फोनवर रडलीसही तूच. १९७३मध्ये त्यांनी डेंड्रिटिक पेशी दाखवल्या, तेव्हा कितीजणांना पटलं होतं?

टीबीत हाच निरोप गाठीत उशिरा पोचतो. ती गाठ बहुतेकदा दुखत नाही, हळूहळू वाढते. आणि काल मुक्ता म्हणाली, "आई, आता दुखत नाही." आकार मला तेवढाच लागतोय. काम संपलं म्हणून दुखणं थांबलं, की दुसरंच काही? दिवसातून कितीदा तिची मान चाचपते, ती वैतागते.

तुझ्या घराचा ताबा मिळाला का? निखिलची परीक्षा कशी गेली? काकूंना नमस्कार.

बुधवारी रात्री फोन कर. नुसता धीर देऊ नकोस, तुला खरंच काय वाटतं ते सांग.

तुझी,
वीणा