शाळेतल्या कंपूंवरचे काळे विनोदपट ‘हलकेफुलके’ नव्हेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीतल्या ‘घरबसल्या काय पाहाल’ या यादीत ‘हेदर्स’, ‘मीन गर्ल्स’ आणि ‘इलेक्शन’ हे तीन अमेरिकी चित्रपट ‘मुलांबरोबर पाहता येतील अशा हलक्याफुलक्या शालेय कॉमेडी’ म्हणून एकाच ओळीत आले आहेत. तिन्हींमध्ये शाळा आहे आणि तिन्ही हसवतात, हे खरे. पण ‘हेदर्स’मध्ये तीन विद्यार्थ्यांचे खून होतात आणि ते आत्महत्या म्हणून खपवले जातात. अमेरिकेतही त्याला ‘आर’ वर्ग आहे, म्हणजे सतरा वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांच्या सोबतीशिवाय प्रवेश नाही. ‘इलेक्शन’लाही ‘आर’च आहे. ‘मीन गर्ल्स’ला ‘पीजी-१३’ (तेरा वर्षांखालच्या मुलांबाबत पालकांना सावधगिरीची सूचना) मिळाला, तोही काही जागा सौम्य केल्यावर. एवढ्या कारणासाठीही ही यादी दुरुस्त व्हायला हवी. पण आमची तक्रार त्याहून मोठी आहे. हे चित्रपट शाळेतली लोकप्रियता एखाद्या पदासारखी मांडतात. त्या पदाला नियम असतात, पहारेकरी असतात, आणि वारसही ठरलेला असतो. ‘हलकेफुलके’ म्हटले की ती मांडणीच नजरेआड होते.

आधी तिथली शाळा समजून घ्यायला हवी. अमेरिकी हायस्कूल म्हणजे साधारण नववी ते बारावी, वय चौदा ते अठरा. आपल्याकडे तुकडी वर्गात बसून असते आणि तासागणिक शिक्षक बदलतात. तिथे शिक्षक आपल्या खोलीत थांबतात आणि घंटा झाली की मुले उठून पुढच्या खोलीत जातात. विषयांची निवड ज्याची त्याची, त्यामुळे शेजारीही दर तासाला निराळा. ठरलेला बाक नाही, बाकावरचा वर्षभराचा जोडीदार नाही, बहुतेक सरकारी शाळांत गणवेश नाही. सगळी शाळा एका छपराखाली दिसते ती जेवणाच्या हॉलमध्ये, आणि तिथे कोणी कुठल्या टेबलावर बसायचे हे कोणताही शिक्षक ठरवत नाही. म्हणून या प्रकारच्या जवळजवळ प्रत्येक चित्रपटात पहिल्या काही मिनिटांत जेवणाचा हॉल येतो. त्यात भर म्हणजे ‘प्रॉम’ किंवा ‘होमकमिंग’ या शाळेच्या वार्षिक सोहळ्यांची राणी. तिथे शाळा स्वतः मतदान घेऊन लोकप्रियतेवर शिक्का मारते. मधल्या सुट्टीत वर्गातच डबा उघडणाऱ्या आपल्या प्रेक्षकाला हे माहीत नसेल तर टेबल बदलल्यावर एवढे रामायण का होते, हे त्याला कळत नाही.

‘हेदर्स’ अमेरिकेत १९८९ मध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शक मायकेल लेहमन, लेखक डॅनियल वॉटर्स, दोघांचाही हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. पटकथा मुळात अवाढव्य होती आणि ती नामवंत दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकने करावी अशी वॉटर्सची इच्छा होती. खर्च सुमारे ३० लाख डॉलर आणि तिथल्या चित्रपटगृहांतून उत्पन्न जेमतेम ११ लाख. वितरक कंपनी तेव्हा दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. चित्रपट जगला तो व्हिडिओ कॅसेटवर.

ओहायोतल्या एका काल्पनिक गावातल्या शाळेत हेदर नावाच्या तीन मुलींचे राज्य आहे. चौथी व्हेरॉनिका, म्हणजे विनोना रायडर. तिचे नाव हेदर नाही, एवढ्यावरूनच तिची पायरी ठरते. रंग पाहावेत. म्होरकी हेदर चॅन्डलर लाल, हेदर ड्यूक हिरवी, हेदर मॅकनमारा पिवळी, व्हेरॉनिका निळी. क्रोकेच्या खेळापासून कपड्यांपर्यंत ही वाटणी काटेकोर पाळली आहे. केस बांधायचे लाल कापडी रबर हा इथला राजमुकुट. चॅन्डलर मरते आणि थोड्याच वेळात हिरवी ड्यूक लाल घालू लागते. तोवर तीच सगळ्यांत जास्त दबलेली होती. गादीवर बसल्यावर ती आधीचीपेक्षा क्रूर होते. मारणाऱ्यांनी माणूस काढला, पण गादी होती तिथेच राहिली. ही गोष्ट चित्रपट भाषणाविना, केवळ कपड्यांच्या रंगातून सांगतो, आणि म्हणून आम्ही त्याला या प्रकारातला सर्वांत पक्का चित्रपट मानतो.

जेवणाच्या हॉलचा प्रसंग पुन्हा पाहण्यासारखा आहे. चॅन्डलर आणि व्हेरॉनिका टेबलाटेबलावर फिरून एक प्रश्न विचारतात : तुम्हाला पन्नास लाख डॉलर मिळाले आणि त्याच दिवशी परग्रहवासी येऊन म्हणाले की दोन दिवसांत पृथ्वी उडवणार, तर काय कराल? उत्तरे गमतीची आहेत. पण खरे काम कॅमेरा करतो. प्रश्नाच्या निमित्ताने तो एकेका गटापाशी थांबतो आणि शाळेची सगळी उतरंड काही मिनिटांत आपल्यासमोर उभी राहते. त्याच प्रसंगात व्हेरॉनिकाला दुसऱ्याचे अक्षर हुबेहूब काढता येते हे कळते. एका खेळाडू मुलाच्या नावाने ती मार्था या जाड, एकट्या मुलीला खोटी प्रेमचिठ्ठी लिहून देते. मस्करीसाठी वापरलेले तेच कौशल्य पुढे मृतांच्या खोट्या चिठ्ठ्या लिहिते. पहिला खूनही असाच अर्धवट घडतो. चॅन्डलरला द्यायला व्हेरॉनिका चुकून भलताच, विषारी पेला उचलते, तिचा प्रियकर जे.डी. याच्या ते लक्षात येते, तो बोलायला तोंड उघडतो आणि गप्प राहतो. अपघात कुठे संपला आणि खून कुठे सुरू झाला, ती रेघ त्या गप्प राहण्यावर आहे.

आणि मग मोठी माणसे येतात. या चित्रपटाचा खरा रोख त्यांच्यावर आहे. शिक्षकांची बैठक भरते ती शाळेला किती वेळ सुट्टी द्यायची यासाठी. मृत मुलीने चिठ्ठीत एक अवघड शब्द बरोबर वापरला याचे एकाला कौतुक वाटते. एक शिक्षिका टीव्हीचे कॅमेरे बोलावून मुलांना हातात हात धरायला लावते आणि दुःखाचा सोहळा करते. दोन खेळाडू मुले मारली जातात तेव्हा ती एकमेकांच्या प्रेमात होती असे भासवायला जवळ ठेवलेल्या वस्तूंत मिनरल वॉटरची बाटली असते, आणि पोलिसांना तो बिनतोड पुरावा वाटतो. अंत्यविधीत बाप शवपेटीपाशी ओरडून सांगतो की माझा मुलगा तसा होता तरी माझे त्याच्यावर प्रेम आहे. जिवंत मुलगा तसा निघाला असता तर हाच बाप काय म्हणाला असता, हा जे.डी.चा प्रश्न ऐकल्यावर हसू आवरते. मेल्यावर प्रत्येकाची किंमत वाढते. मार्था मात्र खरोखरच जीव द्यायला जाते आणि वाचते, तेव्हा लोकप्रिय मुलांची नक्कल करायला गेली आणि तेही जमले नाही, अशी तिची टवाळी होते. मरणाच्या बाबतीतही इथे पायऱ्या आहेत.

शेवट मुळात वेगळा होता. शाळा खरेच उडते आणि सगळे कंपू स्वर्गात एकत्र नाचतात, असे वॉटर्सने लिहिले होते. निर्मिती कंपनीने ते नाकारले. आता दिसतो त्या शेवटात व्हेरॉनिका काजळी माखल्या चेहऱ्याने ड्यूकच्या केसांतले लाल रबर काढून स्वतःला लावते आणि मार्थाला सोबत बोलावते. अनेकांना हा गोड शेवट वाटतो. आम्हाला वाटत नाही. रबर तिने फेकून दिलेले नाही, घातले आहे.

पंधरा वर्षांनी, २००४ मध्ये, डॅनियलचा धाकटा भाऊ मार्क वॉटर्स याने ‘मीन गर्ल्स’ दिग्दर्शित केला. पटकथा टीना फेची, आधार रोझालिंड वाइझमन यांच्या किशोरी मुलींच्या गटांवरील पुस्तकाचा. ते पुस्तक कादंबरी नाही, पालकांसाठीचे मार्गदर्शन आहे. म्हणूनच इथे कार्यपद्धती इतकी नेमकी आहे. बुधवारी गुलाबी कपडे, वेणी-शेपटी आठवड्यातून एकदाच, जीन्स फक्त शुक्रवारी, आणि नियम मोडला तर त्या दिवशी टेबलावर जागा नाही. कंपूची म्होरकी रेजिना हिला खाली आणायची योजनाही तिच्या ताकदीचे तीन भाग पाडून आखली जाते : मित्र तोडायचा, रूप बिघडवायचे, साथीदार मुली फोडायच्या. रूपासाठी वजन वाढवणाऱ्या वड्या वजन घटवणाऱ्या म्हणून दिल्या जातात. फोनवर तिसरीला गुपचूप जोडून घेऊन दुसरीकडून तिची निंदा वदवून घेण्याचा डाव तर आजच्या ‘स्क्रीनशॉट’चा पूर्वज आहे.

सगळ्यांत हुशार चाल वहीची. सगळ्या शाळेची निंदानालस्ती लिहिलेल्या वहीत रेजिना स्वतःचाही फोटो चिकटवते, खाली स्वतःलाच शिव्या लिहिते, वही मुख्याध्यापकांकडे नेते आणि पाने व्हरांड्यात उधळते. आता संशय आपोआप त्या तिघींवर जातो, ज्यांची नावे वहीत नाहीत. अक्षर कोणाचे, हे कोणी तपासत नाही. दरम्यान भेद घ्यायला आत शिरलेली केडी कधी रेजिनाची जागा घेऊन बसते, हे तिलाच कळत नाही. इथेही गादी रिकामी राहिलेली नाही. फरक किमतीचा. ‘हेदर्स’मध्ये ती जिवाने मोजली जाते, इथे शेवटी मुकुट मोडून त्याचे तुकडे वाटले जातात. सुमारे १३ कोटी डॉलरचा जागतिक गल्ला या सौम्यपणाशिवाय झाला नसता, पण त्यात धार गेली हेही तितकेच खरे.

१९९९ च्या ‘जॉब्रेकर’मध्ये वाढदिवसाच्या खोडीत मैत्रीण मरते. ते पाहणाऱ्या साध्या मुलीला गप्प बसवायला तिला नटवून कंपूत घेतात आणि तीच डोईजड होते. कल्पना ‘हेदर्स’चीच, बांधणी ढिली.

अलेक्झांडर पेनचा ‘इलेक्शन’, तोही १९९९ चा, ओमाहा शहरात घडतो आणि तो मुलांइतकाच शिक्षकाचा आहे. शाळेतल्या विद्यार्थी अध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभी राहिलेली ट्रेसी फ्लिक बिल्ले वाटते, कपकेक वाटते, रात्रंदिवस राबते. तिला हरवायला जिम मॅकॅलिस्टर हा शिक्षक पॉल या पाय मोडलेल्या, सर्वांच्या लाडक्या खेळाडूला उभे करतो. पॉलला काहीच करावे लागत नाही. ट्रेसी एका मताने जिंकते तेव्हा शिक्षक तिच्या दोन मतपत्रिका कचऱ्याच्या डब्यात टाकतो आणि निकाल एका मताने उलटतो. त्या सापडतात शाळेच्या सफाई कामगाराला. चित्रपटाच्या सुरुवातीला याच शिक्षकाने फ्रिजमधले नासके अन्न फेकताना जमिनीवर सांडले होते आणि त्या कामगाराने ते पाहिले होते. नोकरी जाते ती त्या सांडलेल्या अन्नामुळे.

हा चित्रपट अमेरिकेत लागला २३ एप्रिल १९९९ रोजी, कोलंबाइन शाळेतल्या गोळीबारानंतर तीनच दिवसांनी. ‘हेदर्स’मधला काळ्या लांब कोटातला जे.डी. जेवणाच्या हॉलमध्ये पिस्तूल काढतो, त्यात खोट्या गोळ्या असतात. १९८९ मध्ये लोक त्यावर हसले होते, त्या दिवसानंतर तसे हसणे शक्य राहिले नाही. २०१८ मध्ये याच कथेची मालिका येणार होती, तीही फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेतल्या हत्याकांडामुळे पुढे ढकलावी लागली. मालिकेचा मोठा दोष मात्र वेगळा होता. ज्यांना शाळांत खरोखर छळले जाते अशांनाच तिने सत्ताधारी कंपू केले. काळा विनोद खालच्या पायरीवरून वर मारला तरच टिकतो. दिशा उलटली की प्रेक्षकच कंपूत सामील होतो. खुद्द ‘हेदर्स’ही यातून पूर्ण सुटलेला नाही. मार्थाला बोलायला फार थोडे मिळते आणि तिच्या शरीरावरचे काही हसे लेखकाचेच आहे.

महाविद्यालयांतल्या फिल्म क्लबना आमचे सांगणे असे. आधी ‘मीन गर्ल्स’ दाखवावा, तो ९७ मिनिटांचा आहे. नंतरच्या आठवड्यात ‘हेदर्स’, १०३ मिनिटे, आणि तो फक्त अठरा वर्षांवरील विद्यार्थ्यांना. दोन्ही एका दिवशी नकोत, कारण दुसऱ्याचे मरण पहिल्याच्या गुलाबी रंगात विरून जाते. सुरू करण्यापूर्वी आत्महत्या, बंदूक आणि लैंगिक जबरदस्तीचे प्रसंग आहेत हे स्पष्ट सांगावे, दाराजवळची जागा मोकळी ठेवावी, समुपदेशक हजर असावा. चर्चेला किमान चाळीस मिनिटे राखावीत. मुलांना ‘तुमचा छळ कोणी केला’ असे सगळ्यांसमोर विचारू नये. चित्रपटातली कॅमेरे बोलावणारी शिक्षिका हेच करते. त्याऐवजी शिक्षकांच्या बैठकीचा प्रसंग पुन्हा लावून प्रत्येक मोठ्या माणसाला या मृत्यूतून काय मिळाले, एवढेच विचारावे. बोलणे हमखास सुरू होते.

आणि एकांकिका किंवा लघुपट लिहिणाऱ्या मुलांनी जेवणाचे टेबल उचलून आणू नये. आपली उतरंड ‘अ’ तुकडी आणि ‘फ’ तुकडीत आहे, सेमी आणि मराठी माध्यमात आहे, कोणत्या क्लासला जातो यात आहे, आणि आडनावात आहे. तिचे नियम तितक्याच बारकाईने टिपायला हवेत.

आपल्याला विनंती एवढीच की यादीत प्रत्येक चित्रपटापुढे वयोगट छापावा. २०२१ च्या नियमांनुसार ओटीटी मंचांना तो (सर्वांसाठी, ७+, १३+, १६+ किंवा प्रौढांसाठी) दाखवावाच लागतो, त्यामुळे शोधायला वेळ लागणार नाही. आत्महत्येचा विषय असेल तिथे ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक त्याच चौकटीत द्यावा. आणि ‘हेदर्स’ला पुढच्या शनिवारी वेगळी, दोनच ओळींची का होईना, नोंद द्यावी.

आपले विश्वासू,
चित्रपट रसास्वाद वर्ग घेणारे काही वाचक, कोल्हापूर