पाहुण्याला जुनं ठाणं दाखवताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्या-नाशिकहून मित्र आला की ठाणेकर त्याला मॉलमध्ये किंवा उपवनला नेतो आणि 'आमच्याकडे जुनं असं काही उरलेलं नाही' म्हणून मोकळा होतो. जुनं बरंच आहे आणि ते स्टेशनपासून जेमतेम दीड-दोन किलोमीटरच्या टापूत आहे. फसगत होते ती वाराची आणि वेळेची. नकाशावर जवळ दिसणाऱ्या जागा क्रमाने उरकत गेलं, तर निम्म्या ठिकाणी बाहेरूनच हात जोडावे लागतात. दिवस ठरवायचा तो दारं कधी उघडी असतात ते पाहून.

आधी वार. शनिवारी टेंभी नाक्याचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, पाहुण्यांसाठी सोडून द्यावं, तो ज्यू बांधवांचा शब्बाथ, आठवड्याच्या विश्रांतीचा दिवस. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते, शिवाय रेल्वेचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद. सोमवारी कौपिनेश्वराच्या शिवमंदिरात गर्दी, श्रावणात तर रांग पार रस्त्यावर येते. म्हणजे उत्तम वार मंगळवार ते शुक्रवार. नोकरदारांना रविवारच सापडतो, तर त्यांनी चर्च अकरानंतर ठेवावं आणि ब्लॉक सुरू व्हायच्या आत ठाण्यात उतरावं. नवी मुंबईहून येणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. ट्रान्स-हार्बरच्या गाड्या नऊ, दहा आणि दहा-अ या फलाटांवर लागतात, आणि ती पूर्वेची बाजू. जवळचा जिना दिसला म्हणून उतरलात तर कोपरीत पोहोचाल. पादचारी पुलाने सगळे फलाट ओलांडून पश्चिमेलाच या.

गाडी घरी ठेवावी. स्टेशन रोड आणि जांभळी नाका इथे पार्किंग शोधण्यात तास जातो, आणि टोइंगवाले दक्ष आहेत. दोघांना पायी चार-पाच किलोमीटर सहज होतात, आणि पाय दुखलेच तर रिक्षा आहे. दोघं ही संख्याही बेताची आहे. आठ-दहा जणांचं टोळकं प्रार्थनास्थळी शिरलं की तिथल्या माणसांना त्रास होतो आणि आपल्यालाही धड काही दिसत नाही.

सुरुवात सातला, स्टेशनवरच. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी, तीन इंजिनं, चौदा डबे, सुमारे ४०० पाहुणे, ३४ किलोमीटर कापून इथे थांबली, एवढं बहुतेकांना पाठ असतं. ती ठाण्यातच का थांबली, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. पुढे खाडी होती आणि तिच्यावर पूल हवा होता. रूळ कल्याणला पोहोचले ते १ मे १८५४ ला. ही गोष्ट पाहुण्याला आधी सांगून ठेवा, संध्याकाळी तिचा उपयोग आहे.

स्टेशन रोडने जांभळी नाक्याला येताना भाजीचे टेम्पो खाली होत असतात. फुटपाथचा हट्ट धरू नये, कडेकडेने चालावं. मासुंदा तलाव सकाळीच बघावा. संध्याकाळी तलावपाळीवर भेळ-कुल्फीची इतकी गर्दी होते की पाणी दिसतच नाही. काठावरचं कौपिनेश्वर मंदिर आठच्या आत गाठलं तर शांतपणे दर्शन होतं. सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी ते १७६० मध्ये बांधलं आणि १८७९ मध्ये त्याचा जीर्णोद्धार झाला. इथलं शिवलिंग कोकणातल्या मोठ्या लिंगांपैकी एक आहे. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा या देवळातूनच निघते. त्या दिवशी ती यात्राच बघावी, बाकी काही ठरवू नये.

न्याहारीला मामलेदार कचेरीजवळची मिसळ. 'आम्ही तिखट खातो' असं म्हणणाऱ्या पाहुण्यालाही पहिल्या खेपेला कमी तिखटच द्यावी, तर्री नंतर मागता येते. उरलेला दिवस उन्हात चालायचं आहे, हे विसरू नये. सोबत ताक घ्यावं.

मग तलावाजवळचं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च, पोर्तुगीज काळातलं. इथे हौशी मार्गदर्शक हमखास एक घोळ घालतात. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक मारले गेले आणि काही वर्षांनी ओडोरिक हा प्रवासी येऊन त्यांच्या अस्थी घेऊन गेला, ही हकीकत खरी. पण तिचा या चर्चशी संबंध जोडू नये. मधे दोनशेहून जास्त वर्षं गेली, पोर्तुगीज इथे आले ते सोळाव्या शतकात.

टेंभी नाक्याचं 'शार हाशामायीम' सिनेगॉग १८७९ चं, बेने इस्राएल समाजाचं. म्हणजे कौपिनेश्वराचा जीर्णोद्धार आणि ही वास्तू एकाच वर्षातली. इथे आयत्या वेळी धडकू नये. आधी परवानगी विचारून ठेवावी आणि दोघांनीही फोटो असलेलं मूळ ओळखपत्र जवळ बाळगावं. सुरक्षारक्षकाशी वाद घालण्यात अर्थ नाही, तपासणीला कारण आहे. नवरात्रात हा नाका मंडप आणि गर्दीने भरून जातो, ते नऊ दिवस वगळावेत.

आता किल्ला. खरं तर जुन्या ठाण्याचा जीव इथे आहे, आणि नेमका तोच आतून पाहता येत नाही, कारण तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला पुरा व्हायच्या आतच १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला. १७७४ च्या डिसेंबरात तो इंग्रजांच्या हाती गेला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी, म्हणजे ठाणं ज्यावर आहे ते बेट, कायमची त्यांच्याकडे राहिली. इथल्या कैदेतून १८१६ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे निसटले. २ मे १८४८ ला इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे यांना आणि १९ एप्रिल १९१० ला नाशिकच्या जॅक्सन-वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना इथेच फाशी दिलं गेलं. मोबाइल खिशात ठेवून भिंतीबाहेरून चालावं आणि वर्षं सांगत जावं. फोटो काढायला गेलात तर चौकशीत अर्धा तास जाईल. याच किल्ल्याजवळ १७८७ मध्ये पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा शके ९३९ चा, म्हणजे इ. स. १०१७ चा ताम्रपट मिळाला. पाहुणा 'ठाणं किती जुनं?' असं विचारतो तेव्हा उत्तराला हा ताम्रपट पुरेसा आहे.

बारा ते साडेतीन कुठे तरी पंख्याखाली बसावं. खाडीकाठची दमट हवा पुण्याच्या माणसाला सोसत नाही आणि ऑक्टोबरात ठाणेकरालाही नाही. दुपारनंतर मराठी ग्रंथसंग्रहालय. १८९३ मध्ये वि. ल. भावे यांनी ते सुरू केलं. सुट्टी आणि वेळ फोन करून विचारून घ्यावी.

पाहुणा वाडे बघायला आला असेल, तर तसे जवळपास उरले नाहीत हे त्याला आधीच सांगावं. आणि हाताशी दोन तास आहेत म्हणून घोडबंदरचा किल्ला याच दिवसात कोंबू नये. त्या रस्त्यावरची वाहतूक तुमचे दोन तास सहज खाईल. त्याऐवजी पाच रुपयांचं तिकीट काढून धीम्या लोकलने कळव्यापर्यंत जावं आणि दाराजवळ न लोंबकळता खिडकीशी बसावं. सकाळी ज्या खाडीमुळे गाडी अडली म्हणून सांगितलं होतं, ती ओलांडायला किती थोडा वेळ लागतो ते तिथे कळतं. परत येऊन गडकरी रंगायतनला नाटक असेल तर बरंच, तिकीट मात्र सकाळी तलावपाळीवर असतानाच काढलेलं बरं.

आपल्याकडे एक विनंती. शनिवारच्या अंकात मेगाब्लॉकची चौकट असतेच. सुट्टीच्या दिवसांत तिच्या शेजारी या पाच-सहा जागांच्या भेटीच्या वेळा, खात्री करून, चार ओळींत छापाव्यात. महापालिकेने त्याच वेळा मराठीत लिहून फलाट एकच्या बाहेर एक पाटी लावली, तर तिचा खर्च एका स्वागत कमानीपेक्षा नक्कीच कमी येईल.

आपले,
काही ठाणेकर
नौपाडा, ठाणे (प.)