मातृदुग्ध पेढीचा फलक लागला, दूध कोठे आहे? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

नाशिकच्या ज्या रुग्णालयात माझी नात तिसाव्या आठवड्यातच जन्मली, तेथे मातृदुग्ध पेढी, म्हणजे इतर मातांनी दान केलेले दूध साठवून गरजू बाळांना देण्याची सोय, सुरू होणार असे गेल्या वर्षी समारंभपूर्वक जाहीर झाले होते. त्या खोलीत आज मोडकी कपाटे रचून ठेवली आहेत. दारावरचा फलक मात्र रोज पुसला जातो, त्याबद्दल आपल्या खात्याचे अभिनंदन.

रक्तदाब वाढल्याने सुनेची तातडीने शस्त्रक्रिया झाली. ती एका इमारतीत अतिदक्षता विभागात, सव्वा किलोची पोर दुसऱ्या इमारतीत, ऊब देणाऱ्या वॉर्मरवर. दूध पिळून न्यायचे कोणी आणि ठेवायचे कोठे, हे सांगायला माणूस नव्हता. हाती पडली ती डब्याच्या दुधाची चिठ्ठी. ‘आईचे दूध बाळासाठी सर्वोत्तम’ असे त्याच डब्यावर कायद्याच्या सक्तीने छापलेले मी औषधाच्या दुकानात उभी राहून वाचले. १९९२ च्या कायद्याने डब्याची जाहिरात बंद केली, ते योग्यच झाले. आईला दूध नसेल तेव्हा दुसऱ्या आईचे मिळावे, ही सोय मात्र राहून गेली.

दुसऱ्या आठवड्यात नातीचे पोट फुगून टणक झाले, नळीतून हिरवे पाणी येऊ लागले, शी रक्ताची झाली. आतड्याचा काळा पडलेला तुकडा काढावा लागला. आता तिच्या पोटावर शी गोळा करणारी पिशवी आहे. ती बदलताना सभोवतालची कातडी सोलवटते आणि सून भिंतीकडे तोंड करून उभी राहते.

या आजाराला नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस म्हणतात. तो डब्यानेच झाला असे मी शपथेवर सांगणार नाही, कारण आईच्या दुधावरील अपुऱ्या दिवसांच्या बाळांनाही तो गाठतो. परंतु ब्रिटनमधील ९२६ बाळांच्या १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, केवळ डब्याचे दूध मिळालेल्यांत तो केवळ मातृदुग्धावर (आईच्या किंवा दान आलेल्या) असलेल्यांच्या सहा ते दहा पट आढळला. अशा बाळाच्या आतड्याचे अस्तर कच्चे असते, दूध पुढे सरकत नाही आणि नको ते जंतू माजतात. आईच्या दुधातील प्रतिपिंडे व लॅक्टोफेरिन नावाचे प्रथिन त्यांना आवर घालतात. त्यातल्या काही शर्करा बाळाला पचत नाहीत, त्या उपयुक्त जंतूंच्या पोटी जातात. डब्यात हे संरक्षण आईच्या दुधासारखे मिळत नाही.

हे ज्ञान नवे नाही. कसारा घाट उतरून मुंबईला गेले की शीवचे रुग्णालय आहे, तेथे डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्येच मातृदुग्ध पेढी उभी केली. दान आलेले दूध ६२.५ अंशांवर तीस मिनिटे तापवून, थंड करून, तपासून द्यायचे असते. केंद्राने २०१७ मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वेही काढली. सिंहस्थासाठी हजारो कोटींचे आराखडे मंजूर करणाऱ्या शासनाला एक पाश्चरायझर, एक फ्रीझर आणि दोन प्रशिक्षित परिचारिका जड का व्हाव्यात? रस्ते दिसतात, त्यांची फीत कापता येते. सव्वा किलोचे मतदार कोणाला दिसणार! सुरगाणा, पेठ या आदिवासी तालुक्यांतून येणाऱ्या बाळंतिणींना तर फलकही वाचायला मिळत नाही, त्यांची बाळे थेट डब्यावर जातात.

आमच्या घरचे जे व्हायचे ते झाले. ती खोली रिकामी करून पेढी कोणत्या तारखेस सुरू होईल आणि तोवर आजारी आईचे दूध बाळापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कोणत्या परिचारिकेवर असेल, एवढे लेखी कळवावे.

आपली,
एक आजी, सिडको, नाशिक