पाणी आणायला संस्था, काढायला कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिरोळ तालुक्यात आमचं दीड एकर रान आहे. उन्हाळ्यात बांधावरून खाली पाय टाकला की वरचा पांढरा थर पापडासारखा मोडतो आणि खाली काळा चिखल लागतो. वडील याच तुकड्यात ऊस काढायचे. आता नुसता लव्हाळा आणि वेडी बाभूळ.

'उसाला पाणी जास्त झालं, रान क्षारपड झालं,' एवढं सगळेच म्हणतात. पण नदीचं पाणी उचलायचं ठरलं तेव्हा गावोगाव पाणीपुरवठा संस्था निघाल्या, शेअर गोळा झाले, कर्जं काढली, एकमेकांच्या रानातून पाईप गेल्या. कुणी अडवलंच तर जमीन महसूल अधिनियमाचं कलम ४९ आहे. दुसऱ्याच्या जमिनीतून पाट आणायला तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. आलेलं पाणी कुठून बाहेर जाणार, याबद्दल मात्र मी वाचलेल्या एकाही संस्थेच्या पोटनियमात ओळ नाही. पाणीपट्टी एकरावर. रात्री लाईट आली की वरच्या रानात पाणी सुटतं आणि मालक घरी झोपलेला असतो. पाणी कमी सोडून त्याचा रुपयाही वाचत नाही. मुरलेलं सगळं आमच्यात उतरतं.

यावर उपाय आहे. चार-पाच फूट खोल सच्छिद्र पाईप गाडून निचरा करायचा. शिरोळच्या दत्त साखर कारखान्यानं शेतकऱ्यांना एकत्र आणून हे करून दाखवलं आहे. पण मुख्य पाईप ओढ्यापर्यंत पोचली तरच उपयोग, आणि आमच्या व ओढ्याच्या मध्ये सात जणांची रानं आहेत. सहा जण तयार आहेत. सातव्याचं रान चांगलं आहे. त्यानं उभ्या उसात चर का मारू द्यावी? त्याच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. सरकारी कार्यालयात गेलो तर 'आपसात मिटवा' म्हणाले.

मी अर्थशास्त्र शिकवायचो. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली नोबेल मिळालं तेव्हा वर्गात मोठ्या उत्साहानं सांगितलं होतं की, या बाईंनी दाखवून दिलंय, पाणी वापरणारेच नियम करतात, राखण करतात, मोडणाऱ्याला दंड लावतात. सातव्या गड्याचा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही, बरं झालं.

पाणी उचलणाऱ्या संस्थेवरच निचऱ्याची जबाबदारी टाकावी, पाणीपट्टीतला काही भाग त्यासाठी बाजूला काढावा, ज्याच्या रानातून चर जाईल त्याला पिकाची भरपाई त्यातून मिळावी. अर्ज पाट आणायला चालतो तसा निचऱ्यालाही स्पष्टपणे चालावा.

आमची पाईप जानेवारीपासून सातव्याच्या बांधाशी तोंडाला पोतं बांधून पडली आहे.

– एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर