पर्यावरण महोत्सवांचा हिशेब टाळ्यांवर नको

महोदय,

पर्यावरणविषयक चित्रपटांचा महोत्सव आला की आपल्या दैनिकात त्याची बातमी ठळक येते. किती देशांतले किती चित्रपट, उद्घाटनाला कोण, पारितोषिक कोणाला. हे चित्रपट पाहून माणसे निसर्गाकडे वळतात, असे एक वाक्यही त्यात बहुधा असतेच. मी असे महोत्सव आवडीने पाहतो, त्यामुळे ते वाक्य खोटे आहे असे मी म्हणणार नाही. ते फार घाईने लिहिले जाते, एवढीच माझी तक्रार. चित्रपटाने काय केले हे कळायला लागते ते सभागृहात दिवे लागल्यावर, आणि नेमक्या त्याच वेळी निवेदक पुढच्या चित्रपटाचे नाव पुकारत असतो.

पडद्यावरचे दृश्य मनात किती खोल जाते, हे समजायला १९५८ सालचा डिस्नेचा ‘व्हाइट वाइल्डरनेस’ पुरेसा आहे. लेमिंग नावाचे उंदरासारखे छोटे प्राणी झुंडीने कड्यावरून उड्या घेतात, असे त्यात दाखवले होते. माहितीपटाचे ऑस्करही त्याला मिळाले. पुढे १९८२ मध्ये कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने उघड केले, की ते प्राणी दुसरीकडून आणून, हुसकावून कड्यावरून खाली लोटले होते. लेमिंग सामूहिक आत्महत्या करतात, ही समजूत तरीही अजून टिकून आहे. म्हणजे चित्रपटाचा परिणाम होतो की नाही, हा वादच नको. तो परिणाम पुढे कुठे जातो, हे विचारायला हवे.

चांगल्या दिशेने गेलेले एक उदाहरण आपल्याच देशातले आहे. माइक पांडे यांच्या ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ या माहितीपटाने गुजरातच्या किनाऱ्यावर चालणारी व्हेल शार्कची कत्तल दाखवली. जगातला हा सर्वांत मोठा मासा प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर, जगतो आणि माणसाच्या वाटेला जात नाही. त्याच्या यकृताचे तेल लाकडी होड्यांना लावायला वापरत. पुढे मांसाला आणि परांना परदेशी गिऱ्हाईक मिळाले आणि शिकार वाढली. २००० मध्ये या माहितीपटाला ब्रिस्टलच्या वाइल्डस्क्रीन महोत्सवाचा पांडा पुरस्कार मिळाला. २००१ मध्ये व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत, जागा मिळाली, आणि २००२ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटीस या वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारान्वये नियंत्रण आले.

महोत्सवांतल्या भाषणांत ही गोष्ट साधारण इथे संपते. माझ्या मते खरी गोष्ट इथून सुरू होते. कायदा झाला, पण ज्याच्या जाळ्यात हा मासा अडकायचा त्या मच्छीमारापर्यंत तो पोचला नव्हता. शिवाय मासा सोडायचा तर जाळे कापावे लागते, आणि जाळे हे त्याचे भांडवल. २००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने वन विभागाला बरोबर घेऊन मोहीम काढली. किनाऱ्यावरच्या गावांत पथनाट्ये झाली, खऱ्या माशाएवढा हवेने फुगवलेला व्हेल शार्क गावोगाव फिरला. व्हेल शार्क ही बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आहे, तिला कोणी मारते का, असे रामकथाकार मोरारीबापूंनी लोकांना विचारले. पुढे कापलेल्या जाळ्याची भरपाई सरकारकडून मिळू लागली. त्यानंतर याच मच्छीमारांनी आपल्या हातांनी जाळी कापून शेकडो व्हेल शार्क समुद्रात परत सोडले आहेत. माहितीपटाने दिल्लीतल्या फायली हलवल्या. होडीवरच्या माणसाचे मन मात्र पथनाट्याने, बापूंच्या शब्दाने आणि, संकोच न करता सांगायचे तर, जाळ्याच्या पैशाने वळले.

आता आपल्या महोत्सवांत प्रेक्षक म्हणून कोण बसतात ते पाहावे. बरेचसे आधीच पटलेले. तेच पक्षीनिरीक्षक, तेच निवृत्त प्राध्यापक, तेच छायाचित्रकार. आम्ही एकमेकांना चेहऱ्याने ओळखतो. सकाळच्या खेळाला शाळेची मुले रांगेने आणून बसवतात. त्यांच्याकडे प्रश्न असतात, पण बस थांबलेली असते. दिल्लीचा ‘वातावरण’ महोत्सव २००२ पासून सुरू आहे आणि त्याने फिरते महोत्सवही भरवले. किर्लोस्कर वसुंधरा महोत्सवही एकाच शहरात अडकून राहिला नाही. हे श्रेय द्यायलाच हवे. पण शहर बदलले तरी सभागृह बहुतेक त्याच प्रकारच्या माणसांनी भरते. ज्या खाडीवर, ज्या खाणीवर चित्रपट आहे, तिथल्या लोकांना तो सर्वांत आधी का दाखवू नये?

दुसरी अडचण कॅमेऱ्याची आहे. त्याला डोळे असलेले प्राणी आवडतात. वाघ, हत्ती, ऑक्टोपस यांना नायक करता येते; खचत जाणारे भूजल आणि मरत चाललेली माती यांना चेहरा नाही. गिधाडांचेच पाहा. मान टाकून झाडावर बसलेले गिधाड दाखवता येते, पण त्याचे मूत्रपिंड निकामी करणारे डायक्लोफिनॅक, म्हणजे गुरांना दिले जाणारे आणि मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाणारे वेदनाशामक, सापडले ते शवविच्छेदनाच्या टेबलावर. ते संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि भारतात २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. असा विषय पडद्यावर आणायला दिग्दर्शकाला संयम लागतो आणि निवड समितीला धाडस. आकाशातून टिपलेल्या जंगलाला टाळ्या मिळतात, हे दोघांनाही ठाऊक असते.

आणि नुसते प्रेम उत्पन्न झाले तर त्याचे काय होते, हेही आपण पाहिले आहे. २०२३ मध्ये ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ या माहितीपटाला ऑस्कर मिळाले आणि त्यातल्या रघू हत्तीला बघायला तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या थेप्पकाडू हत्ती छावणीत पर्यटकांची रीघ लागली. दोष त्या माहितीपटाचा नाही. पाहून हेलावलेल्या माणसाला आपण दुसरे काही करायला सुचवलेच नव्हते, मग तो गाडी काढणारच. उलट शौनक सेन यांच्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’ या माहितीपटातल्या दिल्लीच्या जखमी घारी पाहून कोणाला लांब जावे लागत नाही. मांज्याने कापलेले पंख कोणत्याही शहरात दिसतात, आणि पतंगाचा दोरा कोणता घ्यायचा हे आपल्याच हातात असते.

म्हणून आयोजकांना माझे सांगणे आहे की चित्रपट निम्मे करा. प्रत्येकानंतर अर्धा तास मोकळा ठेवा आणि दिग्दर्शकाशेजारी त्या प्रश्नाशी थेट संबंध असलेला माणूस बसवा: मच्छीमार, वनरक्षक, नगरपालिकेचा अभियंता, जमल्यास ज्याच्यावर आक्षेप आहे तोही. थोडी खडाजंगी झाली तर होऊ द्या. पारितोषिक देताना चित्रपट कुठे कुठे दाखवला गेला, हेही परीक्षकांनी विचारावे.

आपल्याकडेही एक मागणी आहे. महोत्सवाची बातमी जशी पहिल्या दिवशी येते, तशी सहा महिन्यांनी आणखी एक येऊ द्या. ज्या नदीवरच्या चित्रपटाला पारितोषिक मिळाले, त्या नदीत सांडपाणी अजून पडते आहे का, आणि सभागृहात ज्यांनी आश्वासने दिली त्यांनी पुढे काय केले, एवढे आपल्या बातमीदाराने जाऊन पाहावे. ती बातमी आतल्या पानावर छापली तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक